वत्सलाचं बाळंतपण

माझी सासू खोटं बोलते, हे मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं. जेवली का विचारलं तर 'जेवली' म्हणते आणि ताट कोरडं. गुडघा दुखतो का विचारलं तर 'कायले दुखते?' म्हणते आणि भिंत धरून उठते. असली खोटी मी चोवीस वर्षं पकडत आले आहे आणि दरवेळी भांडले आहे. मी गावातली अंगणवाडी चालवते. तीस-पस्तीस लेकरांचं खरं-खोटं रोज निवडते, मला कोण फसवणार! पण एक खोटं तिनं एक्केचाळीस वर्षं असं जपून ठेवलं, की मला त्याचा पत्ताच लागला नाही. तो लागला या कार्तिकात, आणि तोही माझ्या मुलीच्या, टीनाच्या मोबाईलमुळे.

तर माझी सासू. सुशिलाबाई बिसराम रहांगडाले, वय अडुसष्ट, चोरखमारा तलावाच्या कालव्याचं पाणी पिणाऱ्या चार एकर धानाची मालकीण. मालकीण म्हणजे नावाला. रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, बाकी बायांसारखीच ती गुडघाभर चिखलात. माझं माहेर गोंदिया शहरातलं, त्यामुळे मला पहिल्या वर्षी वाटलं होतं की शेतवाल्यांच्या बायका बांधावर उभ्या राहून नुसतं बोट दाखवतात. कसलं बोट आणि कसलं काय! आईनं, सासूला मी आईच म्हणते, पऱ्ह्यांची म्हणजे धानाच्या रोपांची पेंढी हातात दिली आणि म्हणाली, "वाक."

ती लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि त्याच वर्षी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिरोड्याहून रेडिओ आणला होता. रेडिओ राहायचा छपरीत, म्हणजे बाहेरच्या पडवीत, बाप्यांमध्ये. नव्या सुनेनं तिथं जाऊन बसायची रीत नव्हती. म्हणून ती सैपाकघराच्या दाराआड चुलीपाशी बसून ऐकायची. पाहायला काही नव्हतंच, नुसते आवाज. भिंतीपलीकडून येणारा प्रत्येक आवाज तिनं असा कानात भरून घेतला, की आठ दिवसांनी तो जसाच्या तसा तोंडातून काढायची. रविवारी दुपारी दोन वाजता नागपूर केंद्रावरून श्रुतिका लागायची. कधी हसवणारी, कधी रडवणारी. आईचा भात त्या अर्ध्या तासात हमखास खाली लागायचा. मामाजी आजही सांगतात, की रविवारी करपलेला भात खाऊन खाऊन त्यांना तोच आवडायला लागला.

आणि सोमवारी रोवण्याच्या ओळीत आईचा रेडिओ सुरू.

रोवणा करताना बाया एका ओळीत वाकतात आणि मागे मागे सरकतात. आईला सगळ्या ओळीच्या मधोमध जागा असायची, म्हणजे दोन्ही टोकांना ऐकू जावं. ती आधी कंबर सरळ करायची, पदर खोचायची आणि घसा साफ करून म्हणायची, "हे आकाशवाणीचं नागपूर केंद्र आहे." हे वाक्य ती अगदी शुद्ध म्हणायची, एरवी 'रेडू' म्हणणारी बाई. मग पुन्हा वाकायची आणि श्रुतिका चालू. पऱ्ह्यांची पेंढी पाण्यावर थापटली की घोडागाडी. बांगड्या वाजवल्या की कपबशा. दाराचा कर्रकर्र आवाज घशातून. त्यातला एक चिक्कू घरमालक आणि त्याचा सारख्या जांभया देणारा भाडेकरू हे दोघं तर गावाला इतके पाठ झाले होते, की कुणी जांभई दिली तरी बाया हसून हसून चिखलात बसायच्या.

मामाजींचं शेतीचं गणित तिच्यावर चालायचं. हसायची श्रुतिका असली की हात भराभर चालतात, रडायची असली की थांबतात. म्हणून सोमवारी सकाळी ते बैल सोडताना विचारायचे, "आज का हाय वो, हसाचं का रडाचं?" रडायचं असलं तर दोन बाया जास्तीच्या बोलवायचे. खोटं वाटत असेल तर या गावात येऊन कुणालाही विचारा.

एका वर्षी मात्र तेरा भागांची लांबलचक मालिका लागली. तिचं खरं नाव आता कुणालाच आठवत नाही. आमच्या गावात तिला 'वत्सलाचं' म्हणायचे. "वत्सलाचं झालं का?" "आज वत्सलाचं आयकाले चला." ही वत्सला म्हणजे एका मास्तरची बायको. दोन लेकरं जन्मताच गेलेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि सासरचे म्हणतात, हिची कूसच वाईट. वत्सला कुणाला उलटून बोलत नाही, नुसती आपल्या पोटातल्या लेकराशी बोलते. आई ते बोलणं इतकं हळू आवाजात करायची, की ऐकायला ओळीच्या टोकाच्या बाया पऱ्हे सोडून जवळ यायच्या.

आणि त्या ओळीत रुख्मा होती.

रुख्मामावशी म्हणजे आमच्या घरामागच्या केवळरामची बायको. तेव्हा बावीस वर्षांची. दोन लेकरं जन्मताच गेलेली, तिसरं पोटात, सहावा महिना. पोट सांभाळत वाकायची आणि आईच्या अगदी शेजारची जागा धरायची. वत्सला बोलायला लागली की रुख्मामावशीचे ओठ हलायचे, असं आई सांगते. घरी तिची सासू दिवसभर जे बोलायची, तेच वत्सलाची सासू रेडिओवर बोलायची. कुणीतरी आपलंच सांगतंय, असं तिला वाटलं असेल. मला तर वाटलंच असतं.

आता हे सगळं मला टीनाच्या बापानं लग्नानंतर कौतुकानं सांगितलेलं. वत्सलाला शेवटी मुलगी झाली, तिचं नाव गीता ठेवलं, दोघी सुखरूप राहिल्या. पुढं कार्तिकात रुख्मामावशीलाही मुलगी झाली आणि तिनंही गीताच ठेवलं. ती गीताबाई आज एक्केचाळीस वर्षांची आहे, इथंच गावात दिली आहे, दोन मुलांची आई आहे आणि माझ्या अंगणवाडीत मदतनीस आहे. आम्ही दोघी दिवसातून चारदा भांडतो आणि डबा एकत्र खातो. गोष्ट इतकी गोड होती, की तिच्यात काही खोट असेल असं कधी मनातही आलं नाही.

तर या कार्तिकात टीना सुट्टीला घरी आली. ती गोंदियाला कॉलेजात शिकते आणि आजीवर तिचा भारी जीव. आल्या आल्या बॅग फेकली आणि ओरडली, "आजी! तुझी वत्सला सापडली!" कुण्या हौशी माणसानं जुन्या श्रुतिका घरच्या कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या म्हणे, आणि आता त्याच्या मुलानं त्या मोबाईलवर टाकल्या. सगळी मालिका नव्हती, शेवटचे तीन भाग होते, आणि तेही तिनं अजून ऐकले नव्हते, आजीसोबतच ऐकायचे म्हणून. टीनानं लगेच बेत केला. रविवारी दुपारी दोनला, बरोबर रेडिओच्या वेळेवर, आजीच्या ओळीतल्या जेवढ्या म्हाताऱ्या उरल्या आहेत तेवढ्यांना अंगणात बोलवायचं, स्पीकर लावायचा आणि चहा-चिवडा. पोरगी त्याच पावली पाच घरी आमंत्रण देऊन आली. पहिलं रुख्मामावशीकडं.

मी म्हटलं, आता आई नाचेल. आई म्हणाली, "बरं केलं वो बाई," आणि आत गेली.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही 'जेवली' म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी ताट घेऊन तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, आता खोटं बोलाल तर मी इथून उठणार नाही. काय झालं?"

तिनं ताटाकडं पाहिलं. मग म्हणाली, "दुर्गा, थो मोबाईल बिघडत नाही का वो?"

"म्हणजे?"

"म्हणजे बिघडवता येत नाही का? पाण्यात पडला, असं काही?"

मी ताट खाली ठेवलं. आणि मग माझ्या सासूनं मला ते सांगितलं, जे तिनं आपल्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

शेवटचा भाग ज्या रविवारी होता, त्या दिवशी रेडिओचे सेलच संपलेले होते, आणि श्रुतिका ऐकणारं दुसरं घर गावात नव्हतं. आदल्या दिवशी मामाजींनी ते टॉर्चमध्ये घालून कालव्यावर पाण्याच्या पाळीला नेले आणि पार संपवून आणले. एरवी मेलेले सेल उन्हात ठेवले की अर्धा तास चालतात, पण भर श्रावणात ऊन कुठून आणायचं? आईनं ते चुलीपाशी शेकले. रेडिओ लागला. वत्सला दवाखान्यात नेली, कळा सुरू झाल्या, दाई म्हणाली 'देवाचं नाव घ्या', आणि तिथं आवाज बारीक होत होत बंद पडला. आईनं रेडिओ हलवला, थापटला, रडली. पुढं काय झालं ते तिला कळलंच नाही.

"मंग सोमवारी ओळीत गेली," ती म्हणाली. "मी ठरवलं होतं का सांगीन, सेल गेले, मले नाही मालूम. मी तोंड उघडलं आन रुख्मानं माह्याकडं पाह्यलं. तिचा एक हात पोटावर. चिखलाचा हात, लुगड्यावर उमटला होता. अवो, मी कशी म्हणू का मले मालूम नाही? मी म्हणलं, पोरगी झाली."

"आणि नाव?"

"बायांनी इचारलं, नाव का ठेवलं. माह्या तोंडात आलं थे सांगतलं."

बाया चिखलात नाचल्या. आणि मग झालं असं, की कुणीतरी म्हणालं, बाळंतिणीला काही धाडायला पाहिजे. आमच्याकडं बाळंतिणीला जुन्या चिन्नोर तांदळाची पेज देतात, पोटाला हलकी म्हणून. नागपुरात कुठला आला चिन्नोर? बिचारी वत्सला, तिची सासू तर तिला पाणीही विचारणार नाही! संध्याकाळपर्यंत घरोघरून ओंजळ ओंजळ तांदूळ जमा झाला. हसू नका. त्या बायांना श्रुतिका म्हणजे काय ते कळत नव्हतं असं नाही. चिक्कू घरमालकाला कुणी भाडं धाडलं नव्हतं. पण वत्सला वेगळी होती, ती त्यांच्यासोबत सगळा हंगाम वाकली होती.

"मी म्हणलं, पत्ता कोठी हाय तिचा?" आई सांगत होती. "त म्हणतात, नागपूर, रेडू ऑफिस, कोनीबी सांगन. मलेबी दोन ओंजळी टाका लागल्या."

आणि नागपूरला जाणारं कोण? रुख्माच. आधीची दोन लेकरं गेलेली म्हणून केवळराम तिला तिरोड्याहून गाडीनं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेणार होता. तांदळाचं गाठोडं तिच्याच हाती दिलं. ती परत येईपर्यंत चार दिवस आई धड जेवली नाही. चौथ्या दिवशी रुख्मा आली. बायांनी घेरलं. ती म्हणाली, "देला. घेतला तिनं. बरी हाय, थकली हाय जराशी."

आईला तेव्हा वाटलं, ही गेटावरच्या कुण्या माणसाजवळ गाठोडं ठेवून आली असेल आणि बायांचं मन राखायला असं सांगते. विचारायची हिंमत झाली नाही. कार्तिकात गीता झाली, नाव ठेवलं, पाळणा हलला, आणि मग तर विचारायचा प्रश्नच उरला नाही.

"आता रविवारी थे खरं आयकन," आई म्हणाली. "तिची वत्सला जगली का मेली, कोणाले मालूम? आन पोरीचं नाव मी आपल्या मनानं..." तिनं समोरचं ताट बाजूला सारलं. "चाळीस वर्षं माह्या हातचं खाल्लं वो तिनं. मले का म्हणन थे?"

मी तिला म्हटलं, उगाच घाबरता, वत्सला जगलीच असेल. आणि टीना आंघोळीला गेली तेव्हा तिचा मोबाईल घेऊन, सैपाकघराचं दार लावून, मी शेवटचा भाग ऐकला.

मेली हो. वत्सला मेली! लेकरूही गेलं. मास्तर तिच्या उशाशी बसून लांबलचक बोलला, सनई वाजली, आणि निवेदक शांतपणे म्हणाला, आपण ऐकत होता. मला असा संताप आला की सांगता सोय नाही. तेरा आठवडे त्या बाईला छळून शेवटी मारायची म्हणजे काय! लिहिणारा समोर असता तर मी त्याला पऱ्ह्यांची पेंढी देऊन वाकायला लावलं असतं. डोळे पुसून मी भाजी ढवळली, ती आधीच करपली होती.

"मी टीनाला सांगते, हे नको म्हणून," मी आईला म्हटलं.

"नाही! पोट्टीनं जीव लावून शोधलं. आन तिले का सांगशील, आजी लबाड हाय?"

"मग तुम्ही जा आणि रुख्मामावशीला आधीच सांगून टाका."

ती गेली. शुक्रवारी गेली आणि वांगी घेऊन परत आली. शनिवारी सकाळी गेली आणि गीताच्या धाकट्याच्या दाढदुखीची सगळी हकीकत ऐकून आली. शनिवारी संध्याकाळी पुन्हा गेली, तेव्हा मी फाटकात उभी राहून पाहत होते. दोघी ओसरीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तोंड उघडायची हिंमत माझ्या सासूला काही झाली नाही. परत आली ती सोललेले दाणे घेऊन.

रविवार उजाडला. दोन वाजता पाच म्हाताऱ्या अंगणात चटईवर बसल्या. कुणाला ऐकू कमी, कुणाची कंबर वाकलेली, पण सगळ्या नेसून आल्या होत्या, लग्नाला आल्यासारख्या. गीताबाईही आली. मामाजी खुर्चीत. टीनानं स्पीकर तुळशीजवळ ठेवला. आई सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून. मी मुद्दाम स्पीकरच्या वायरजवळ उभी राहिले. जमलं तर पाय अडकवून पडायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. तेवढीच सुनेची सेवा.

आवाज आला. खरखर, आणि मग ते वाक्य, "हे आकाशवाणीचं नागपूर केंद्र आहे." पाचही म्हाताऱ्या एकदम आईकडं वळून हसल्या. "अगदी तुह्यासारखंच म्हणते वो, सुशिला!" एक म्हणाली.

मग वत्सला बोलायला लागली. खरी वत्सला. रुख्मामावशी पुढं बसली होती, मान खाली, आणि तिचे ओठ हलत होते. एक्केचाळीस वर्षांनी! तिला ते बोलणं पाठ होतं. वत्सला दवाखान्यात गेली, कळा सुरू झाल्या, मास्तर येरझारा घालतोय, पावलांचा आवाज. मी आईकडं पाहिलं. तिनं डोळे घट्ट मिटले होते. दाई म्हणाली, 'देवाचं नाव घ्या.' मी वायरीवर पाय ठेवला.

"बंद कर वो टीना."

रुख्मामावशीचा आवाज होता. टीना गोंधळली. "काऊन वो आजी? आता तर खरी मजा आहे, शेवट आहे."

"बंद कर म्हणतो ना! याच्या पुढचं सुशिला सांगन. आमाले तसंच आयकाची सवय हाय."

टीनानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "ऐकलं नाही का? कर बंद."

आई भिंतीला टेकून तशीच. रुख्मामावशी मागं वळली आणि म्हणाली, "सांग ना वो. का झालं वत्सलाले?"

आईनं भिंत धरली आणि उठली. कंबर होईल तेवढी सरळ केली. पदर खोचला. पहिलं वाक्य निघालं तेव्हा आवाज फाटला, मग लागला. दाईची घाई केली, मास्तरची पावलं केली, बांगड्यांनी दवाखान्यातली भांडी वाजवली. आणि मग लेकरू रडलं. असं रडलं, की शेजारच्या गोठ्यातली गाय हंबरली आणि ऐकू न येणारे मामाजी म्हणाले, "कोणाचं वो लेकरू?" वत्सलाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाव ठेवलं गीता. गीताबाई, एक्केचाळीस वर्षांची बाई, पदर तोंडाला लावून पोरीसारखी रडत होती. मी रडले नाही. म्हणजे, थोडीच.

चहा झाला, चिवडा झाला, बाया गेल्या. टीना आणि गीताबाई कप विसळायला आत गेल्या. रुख्मामावशी उठली नाही. मी चटया गोळा करत होते, म्हणून मला हे ऐकायला मिळालं.

आईच म्हणाली शेवटी, "रुख्मा, तुले मालूम होतं?"

"मंग!"

"कवापासून?"

"नागपूरले गेली होती ना मी." रुख्मामावशी हाताचं बोट चटईवर फिरवत बोलत होती. "रेडू ऑफिसात गेटावर सांगतलं, वत्सलाबाईले तांदूळ द्याचा हाय. थो माणूस चांगला होता, हसला नाही. आत गेला आन एका बाईले घेऊन आला. तोंड उघडलं तिनं आन मी वळखलं, थेच. वत्सला. मी म्हणलं, बाई, आमच्या गावच्या बायांनी धाडला, तुमाले पोरगी झाली म्हणून. ती म्हणे, मला? अहो, ती वत्सला तर शेवटच्या भागात..." रुख्मामावशी थांबली. "तेवढं बोलली आन तिनं माह्या पोटाकडं पाह्यलं."

आई चटईवर तिच्या जवळ सरकली.

"पण मले समजलं होतं. मी म्हणलं, मेली का? आमच्या सुशिलानं त असं असं सांगतलं. सगळं सांगतलं मी तिले, दाई, मास्तर, गीता. ती आयकत राह्यली. मंग का केलं तिनं, मालूम हाय? तठीच पायरीवर भिंतीले टेकून बसली, बाळंतीण बसते तशी. पदर पसरला. मी तांदूळ टाकला पदरात. आन हळूच म्हणे, 'पोरगी आत्ताच झोपली आहे, हळू बोला.' आपल्या वत्सलाच्या आवाजात वो! मी थ्या बाईले जिवंत पाह्यलं. म्हणून तुमाले सांगतलं, बरी हाय, थकली हाय. लबाड बोलली का मी?"

"आन मले काऊन नाही सांगतलं तू?"

"तुले सांगतलं असतं त तू घाबरली असती. दुसऱ्या दिवशी ओळीत तुह्या तोंडून आवाज नसता निघाला. आन मले थो आवाज पायजे होता, गीता होयपर्यंत." मग रुख्मामावशी जरा घुटमळली. "एक निरोप देला होता तिनं तुह्यासाठी. थो राहूनच गेला. देला असता त बाकीचं सगळं बाहेर आलं असतं."

"का निरोप?"

"म्हणे, लिहिणाऱ्यानं मला मारलं, तुमच्या सुशिलाबाईनं वाचवलं. त्यांना सांगा, त्यांची वत्सला करायला मिळाली असती तर मला फार आवडलं असतं."

मला वाटलं, आता आई तिच्या गळ्यात पडेल. कसलं काय! आई एकदम भडकली. "एक्केचाळीस वर्षं माहा निरोप पदरात बांधून फिरली तू? अवो, मधात मरून गेली असती मी, मंग? कोणाले देला असता?" बोलता बोलता तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. रुख्मामावशीनं आपल्या पदरानं पुसले.

मग आई म्हणाली, "कशी म्हणली थे? तिच्या आवाजात म्हणून दाखव."

"मले कोठी येतात आवाज?"

"म्हण ना."

रुख्मामावशीला खरंच आवाज काढता येत नाहीत, साधा कोंबडाही नाही. पण तिनं कंबर सरळ केली, पदर खोचला, घसा साफ केला आणि अगदी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत वत्सलाचा तो निरोप पहिल्यापासून म्हणून दाखवला. आई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा म्हण." मी आत जाऊन भात टाकला.